शहराबाहेर घर घेताना : भोर-वेल्ह्याकडे पाहणाऱ्या कुटुंबांसाठी काही विचार

पुणे शहरात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहणारे कुटुंब मुले मोठी होऊ लागली की स्वतःच्या घराचा विचार करू लागते. शहराच्या मध्यभागी घर घेणे आवाक्याबाहेर गेलेले असते. मग सुटीच्या दिवशी महामार्गाने जाताना कात्रजच्या डोंगरापलीकडे लागलेले मोठमोठे फलक डोळ्यांत भरतात. ‘निसर्गाच्या सान्निध्यात’, ‘पुण्यापासून अवघ्या काही मिनिटांवर’ असे शब्द त्यांवर असतात. आमच्या परिचयातील अनेक कुटुंबे गेल्या काही वर्षांत या प्रश्नापाशी येऊन थांबली आहेत. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत घर घ्यावे काय, आणि घ्यावयाचे तर नेमके कोठे, याविषयी या लेखात थोडे विस्ताराने सांगावे असे आम्हांस वाटते. आयुष्यभराची बचत आणि पुढील वीस वर्षांचे कर्ज ज्या निर्णयात गुंतलेले असते, तो निर्णय फलक पाहून होऊ नये, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

पुण्याचा विस्तार आणि दक्षिणेचा डोंगर

पुणे शहर बाहेर पसरत जाणे ही नवी गोष्ट नव्हे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या जुन्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि हजारो कुटुंबे बेघर झाली. त्यानंतर गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहतींत पूरग्रस्तांना घरे मिळाली. त्या वेळी गावाबाहेरची समजली जाणारी ही ठिकाणे आज शहराच्या ऐन मध्यात आहेत. ज्या पानशेतच्या पाण्याने पुणेकरांना बाहेर ढकलले ते पानशेत वेल्हे तालुक्यात आहे, आणि आज पुणेकर त्याच वेल्ह्याकडे घरासाठी पाहत आहेत.

तथापि दक्षिणेकडे शहराची वाढ पूर्वेसारखी सलग झाली नाही. हडपसर, वाघोली या बाजूंना सपाट जमीन होती, दक्षिणेला मात्र कात्रजचा डोंगर आडवा आला. महापालिकेत ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये आणखी २३ गावे समाविष्ट झाली, तेव्हाही हद्द साधारणतः या डोंगरापाशीच थांबली. डोंगर ओलांडला की महापालिकेचे पाणी, महापालिकेचा कचरा विभाग आणि महापालिकेची शाळा संपते आणि ग्रामपंचायत सुरू होते. ३१ मार्च २०१५ रोजी स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजेच पीएमआरडीएच्या क्षेत्रात भोर व वेल्हे तालुक्यांचा काही भाग येतो. हे प्राधिकरण बांधकामास परवानगी देते व नियोजन करते, पण घरोघरी रोजचे पाणी पोहोचविणे हे त्याचे काम नव्हे. पुष्कळ खरेदीदारांची गल्लत येथेच होते. ‘पीएमआरडीए मंजूर’ या शब्दांचा अर्थ ‘शहरातल्या सोयी मिळतील’ असा नसतो.

एक तालुका नव्हे, तीन वेगळे प्रदेश

भोर-वेल्हे असे आपण एका दमात म्हणत असलो तरी राहण्याच्या दृष्टीने येथे तीन निरनिराळे पट्टे आहेत. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला, परंतु लोकांच्या बोलण्यात जुने नाव रुळलेले असल्याने आम्ही येथे तेच वापरीत आहोत.

पहिला पट्टा महामार्गाचा. कात्रजचा नवा बोगदा ओलांडताच शिंदेवाडी, ससेवाडी, वेळू ही भोर तालुक्यातील गावे लागतात. मध्ये खेड शिवापूरचा भाग हवेली तालुक्यात जातो, आणि पुढे वरवे, केळवडे, नसरापूर, कापूरहोळ, किकवी, सारोळा अशी गावे निरा नदीपर्यंत येतात. नदीपलीकडे सातारा जिल्ह्यातील शिरवळ, तेथे मोठी औद्योगिक वसाहत आहे. या पट्ट्यात कारखाने, गोदामे, शाळा, दवाखाने आणि गृहप्रकल्प सर्वाधिक आहेत. पुण्याभोवतीचा नियोजित वर्तुळाकार रस्ताही या तालुक्याच्या उत्तर भागातून जातो, म्हणून जमिनीचे भाव चढले आहेत.

दुसरा पट्टा भोर शहर व त्याच्या आसपासचा. कापूरहोळहून आत वळले की आपण पंतसचिवांच्या जुन्या संस्थानात येतो. १९४८ मध्ये हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजवाडा, बाजारपेठ, नगरपरिषद, उपजिल्हा रुग्णालय, महाविद्यालय, एस.टी.चे आगार असा स्वतःचा संसार असलेले हे गाव आहे. पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटर दूर असले तरी रोजच्या गरजांसाठी भोरकरांना पुण्याकडे पाहावे लागत नाही.

तिसरा पट्टा पश्चिमेकडील खोऱ्यांचा. चेलाडी फाट्यावरून मार्गासनी, विंझर मार्गे वेल्ह्याकडे जाणारा रस्ता, तसेच खडकवासला, खानापूर, पाबे घाट मार्गे जाणारा रस्ता आपणांस तोरणा व राजगड यांच्या पायथ्याशी नेतो. भोरच्या पश्चिमेस वेळवंड खोरे आणि हिरडस मावळ आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्ह्याची सुमारे साडेचोपन्न हजार होती. पुणे जिल्ह्यात सर्वांत कमी वस्तीचा तालुका वेल्हेच आहे. निसर्ग येथे उदंड आहे, पण शाळा, दवाखाना, औषधाचे दुकान आणि एस.टी. यांची संख्या वस्तीच्या प्रमाणातच असते, हे विसरून चालणार नाही.

पाणी : धरणांच्या गावी कोरडे नळ

घर निवडताना सर्वांत आधी विचारावयाचा प्रश्न पाण्याचा आहे. धरणांच्या तालुक्यात हा प्रश्न कसा, असे वाचकांना वाटेल. वेल्हे तालुक्यात पानशेत व वरसगाव ही धरणे आहेत आणि पुणे शहर त्यांच्याच पाण्यावर जगते. भोरमध्ये ब्रिटिश काळात बांधलेले भाटघरचे धरण आणि अलीकडचे निरा-देवघर धरण आहे. वेल्ह्यात धानेप येथे गुंजवणीचे धरण आहे. परंतु भाटघरचे पाणी निरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाते, आणि गुंजवणीचे पाणी बंद नलिकेतून पुरंदरकडे नेण्याची योजना आहे. धरणाचे पाणी कोणासाठी आहे हे शासकीय कागदावर आधीच ठरलेले असते. त्यामुळे जलाशय डोळ्यांसमोर दिसत असूनही काठावरच्या वाड्या एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहतात. ज्यांच्या जमिनी या जलाशयांत गेल्या, त्यांच्याच मुलाबाळांची ही स्थिती आहे.

नव्या गृहप्रकल्पाला पाणी कोठून मिळणार हे म्हणूनच नीट विचारले पाहिजे. येथे थोडा हिशेब मांडू. शहरी पाणीपुरवठ्याचे सर्वमान्य प्रमाण माणशी दररोज १३५ लिटर आहे. पाच माणसांच्या घराला त्या मानाने ६७५ लिटर लागतात. साठ घरांच्या इमारतीला रोज सुमारे साडेचाळीस हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. ग्रामीण भागासाठीच्या जलजीवन योजनेचे प्रमाण मात्र माणशी ५५ लिटर आहे. ग्रामपंचायतीची नळयोजना त्या मापाने आणि गावाच्या लोकसंख्येच्या अंदाजाने आखलेली असते. एका मोठ्या प्रकल्पाने त्यातून पाणी घ्यावयाचे म्हटले तर ते गावकऱ्यांच्या घागरीतूनच येणार. कूपनलिका घेतली, तर सह्याद्रीच्या काळ्या कातळात पाणी कोठे लागेल आणि मेमध्ये टिकेल की नाही याचा भरवसा नसतो. विक्री करणारा ‘भरपूर पाणी आहे’ असे म्हणतो तेव्हा ते कोणत्या उद्भवातून, कोणाच्या परवानगीने आणि मे महिन्यात किती, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर लेखी मागावे.

डोंगर आणि पाऊस

दुसरा प्रश्न उलट दिशेचा, म्हणजे पावसाचा. महामार्गालगत पाऊस बेताचा असतो. पश्चिमेकडे जसजसे सह्याद्रीच्या कड्याजवळ जावे तसतसा तो कैकपटींनी वाढतो. भोर-वेल्ह्याच्या पश्चिम खोऱ्यांतील भातशेती आणि आंबेमोहोर तांदूळ त्याच पावसाची देणगी आहे. मात्र उतारावर घर बांधणाऱ्यासाठी तोच पाऊस संकट ठरू शकतो. ३० जुलै २०१४ रोजी याच जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण हे गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही.

त्याच्या आदल्या वर्षीची, जून २०१३ मधील एक घटना मात्र अनेकांच्या विस्मरणात गेली आहे. कात्रज बोगद्याच्या पुढे शिंदेवाडीजवळ डोंगर फोडला गेला होता, पावसाच्या पाण्याच्या नैसर्गिक वाटा बदलल्या होत्या. पहिल्याच मोठ्या पावसात पाण्याचा लोंढा थेट महामार्गावर आला आणि मोटारीतून जाणारी एक माता व तिची लहान मुलगी वाहून गेल्या. हीच ती शिंदेवाडी, जी आज पुण्याला सर्वांत जवळची म्हणून पसंतीस येते. गाव वाईट नाही. पण एखाद्या प्रकल्पामागे डोंगराची ताजी कापलेली भिंत दिसत असेल, अथवा नकाशात ओढा असताना जागेवर तो दिसत नसेल, तर तेथून परत फिरावे. ओढा बुजवता येतो, पण पावसाळ्यात पाणी त्याच वाटेने येते.

पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा विषयही येथे येतो. केंद्र शासनाने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुदा अधिसूचनेत महाराष्ट्रातील सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र प्रस्तावित केले असून त्यात या दोन तालुक्यांतील गावेही आहेत. आपण पाहत असलेले गाव त्या यादीत आहे काय, हे खरेदीपूर्वी तपासणे आवश्यक आहे.

रोजचा प्रवास

‘काही मिनिटांवर’ हे शब्द बहुधा रविवारच्या पहाटेचे असतात. स्वारगेटपासून नसरापूर सुमारे ३५ किलोमीटर आहे. जाऊन-येऊन ७० किलोमीटर, महिन्याच्या पंचवीस दिवसांचे १,७५० किलोमीटर होतात. लिटरला १५ किलोमीटर चालणाऱ्या मोटारीला ११५ लिटरहून अधिक पेट्रोल लागेल. त्यात खेड शिवापूरच्या टोलनाक्याचा विचार करावा, कारण घर नाक्याच्या अलीकडे की पलीकडे यावर महिन्याचा खर्च बदलतो. गर्दीच्या वेळी एका बाजूला दीड तास धरला तर महिन्याचे ७५ तास रस्त्यावर जातात. घराच्या हप्त्यात जे वाचले ते इंधनात आणि मुलांना न दिलेल्या वेळेत गेले, तर व्यवहार तोट्याचाच म्हणावयाचा.

रस्त्याच्या सुरक्षिततेचाही विचार हवा. बोगद्यातून शहराकडे उतरताना नवले पुलापर्यंतचा तीव्र उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तेथे एकाच अपघातात ४८ वाहनांचे नुकसान झाले होते. भोर-वेल्ह्याहून शहरात नोकरीस जाणाऱ्याला हा उतार रोज ओलांडावा लागतो. मेट्रो २०२४ च्या सप्टेंबरात स्वारगेटपर्यंत पोहोचली आणि स्वारगेट ते कात्रज या भुयारी मार्गाची पायाभरणी त्याच वेळी झाली. पण हा मार्गही डोंगराच्या अलीकडेच थांबणार आहे. पलीकडच्या माणसाला बस किंवा स्वतःचे वाहन हाच आधार राहील. घरातील गृहिणी, वृद्ध आई-वडील आणि महाविद्यालयात जाणारी मुलगी यांना वाहनाशिवाय बाहेर पडता येईल काय, हा प्रश्न नोकरी करणाऱ्याने स्वतःपुरता सोडवून चालत नाही.

कागद

या भागात फ्लॅटपेक्षा ‘प्लॉट’ अधिक विकले जातात आणि फसवणुकीस वाव तेथेच असतो. काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, शेतजमीन सर्वांना विकत घेता येत नाही. महाराष्ट्रात कुळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन खरेदी करता येत नाही. दुसरी, १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकड्यांच्या विक्रीवर निर्बंध आहेत. यावर पळवाट म्हणून दहा-पंधरा अनोळखी माणसांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक लावली जातात. अशा खरेदीत आपला गुंठा नेमका कोणता हे कोणीच सांगू शकत नाही, आणि एका सहधारकाचा वाद सर्वांना भोवतो. या कायद्यात अलीकडच्या वर्षांत बदल झाले आहेत, म्हणून आजचा नियम तहसील कार्यालयातच विचारावा.

तिसरी, सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना अवश्य वाचावा. संस्थानी मुलुख असल्याने येथे इनाम, वतन आणि देवस्थानच्या जमिनी आढळतात. भोगवटादार वर्ग २ असा शेरा असल्यास परवानगीवाचून हस्तांतर होत नाही. धरणांमुळे पुनर्वसनाशी संबंधित शेरेही असू शकतात. मागील तीस वर्षांचे फेरफार वकिलाकडून तपासून घ्यावेत. चौथी, पाचशे चौरस मीटरहून मोठ्या आणि आठांहून अधिक घरांच्या प्रकल्पाची नोंदणी महारेराकडे बंधनकारक आहे. प्लॉटच्या योजनाही त्यातून सुटत नाहीत. नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर स्वतः तपासावा. पाचवी, ती जागा निवासी विभागात आहे काय याचा झोन दाखला पीएमआरडीएकडून घ्यावा. पूर्वी तलाठी म्हणून ओळखले जाणारे ग्राम महसूल अधिकारी आणि गावची ग्रामपंचायत येथे जाऊन बसल्यास फलकावर नसलेली पुष्कळ माहिती मिळते.

कोणी कोठे जावे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्यांना रोज पुण्यात कामावर जावयाचे आहे आणि ज्यांची मुले शाळेत आहेत, त्यांनी नसरापूरच्या पुढे जाऊ नये असे आमचे मत आहे. त्यातही नसरापूर हे बाजाराचे, शाळा-दवाखान्याचे गाव असल्याने एकट्या माळरानावरील प्रकल्पापेक्षा बरे. शिरवळ अथवा वेळू येथे नोकरी असलेल्यांना मात्र महामार्गाचा हा पट्टा खऱ्या अर्थाने सोयीचा आहे, कारण त्यांचा प्रवास गर्दीच्या उलट दिशेने किंवा अगदी थोडा होतो.

निवृत्त दांपत्याने किंवा घरून काम करणाऱ्याने भोर शहराचा गंभीरपणे विचार करावा. रुग्णालय, बाजार, वाचनालय आणि ओळखीची माणसे चालण्याच्या अंतरावर असणे हे उतारवयात निसर्गदृश्यापेक्षा मोलाचे असते. वेल्हे व पश्चिमेची खोरी यांविषयी आम्ही स्पष्टच सांगू. ज्यांना शेती करावयाची आहे आणि गावाबरोबर राहावयाचे आहे त्यांच्यासाठी तो स्वर्ग आहे. पण मध्यरात्री छातीत दुखू लागलेल्या वडिलांना घेऊन घाटातून शहराकडे धावण्याची तयारी नसेल, तर ते कायमच्या घराचे ठिकाण नव्हे.

ख्रिस्ती कुटुंबांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. डोंगरापलीकडे आपली वस्ती विरळ आहे. रविवारच्या मिस्सेला किती दूर जावे लागेल, मुलांच्या धर्मशिक्षणाचे काय, आजारपणात धर्मगुरू किती वेळात पोहोचतील आणि दफनभूमी कोणती, हे घर घेण्यापूर्वीच आपल्या धर्मग्रामात विचारून ठेवावे. दोन-चार कुटुंबांनी मिळून एकाच गावी घरे घेतली तर एकटेपणा टळतो, हा अनुभव आहे.

शेवटी, कोणत्याही पट्ट्यात घर घेण्यापूर्वी तेथे वर्षभर भाड्याने राहून पाहावे. ते शक्य नसेल तर निदान जुलैच्या मुसळधार पावसात एकदा आणि मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात एकदा ती जागा पाहावी. कामाच्या दिवशी सकाळी आठ वाजता तेथून कार्यालयापर्यंत जाऊन पाहावे. शेजारच्या जुन्या घरात राहणाऱ्या आजींना पाण्याविषयी विचारावे, त्या खरे सांगतील.

आणि घर घेतल्यावर गावाचे होऊन राहावे. गावाने आपणांस आपली जमीन, पाणी आणि शांतता यांत वाटा दिलेला असतो. घरपट्टी वेळेवर भरणे, मतदारयादीत नाव तेथे नोंदविणे, आपला कचरा शिवगंगेत किंवा ओढ्यात न जाऊ देणे, पावसाचे पाणी आपल्या आवारात मुरविणे आणि ग्रामसभेला हजर राहणे, एवढे तरी आपल्याकडून घडले पाहिजे. कुंपणाआड हिरवळीला रोज पाणी घालणारे कुटुंब आणि कुंपणाबाहेर टँकरपाशी घागरी घेऊन उभ्या असलेल्या बाया, असे चित्र ज्या गावी दिसते तेथे नवे घर आणि जुने गाव दोघेही सुखी होत नाहीत. घर शोधणाऱ्या प्रत्येक कुटुंबास योग्य जागा आणि चांगला शेजार लाभो, हीच आमची सदिच्छा.